सुखाचे माप कोणत्या पायलीने?



भुसावळच्या बाजूने येताना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी कामगारांची वसाहत आणि वसाहतीची भिंत संपली की केळी, कपाशी अन् ज्वारीची वावरे. या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांतला एक भाऊ पाळीला जातो आणि दुसरा शेतावर. एकाला महिन्याच्या महिन्याला पगार, दुसऱ्याला हंगामाच्या हंगामाला पदरात पडेल ते. एकाच्या घरी गॅस, फ्रिज, मुलांना शिकवणी. दुसऱ्याच्या घरी दावणीला जनावर, कणगीत दाणे आणि बँकेत कर्ज. आणि गंमत अशी, की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतात, "सुखी असेल तर तो!"

अशा गावांतून पारावर एक वाद नेहमी ऐकू येतो. कुणी जुने जाणते आबा म्हणतात, "बाबांनो, आपले ऋषिमुनी, संत सांगून गेले ना, हाव सोडा, समाधान माना. मग कशाला ही धावाधाव?" त्यावर एखादा तरुण पुतण्या पटकन उत्तर देतो, "आबा, समाधानानं बँकेचा हप्ता फिटत नाही."

दोघांचेही बोलणे खोटे नाही. म्हणून आज हाच विषय घ्यावा असे वाटले. चांगले जगणे म्हणजे काय, याचा जो विचार जुन्या लोकांनी करून ठेवला, तो आजच्या हप्त्याच्या, मोबाइलच्या, तीन पाळ्यांच्या जगण्यात बसतो का? की तो पोथीतच बरा?

जुने लोक खरोखर काय म्हणाले?

पहिली गोष्ट ही, की जुने तत्त्वज्ञान म्हणजे सगळे सोडून रानात जा, असा जो आपला समज आहे, तो अर्धवट आहे. आपल्याकडे पुरुषार्थ चार सांगितले: धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. त्यात अर्थ म्हणजे पैसा-अडका, धनधान्य, गुरेढोरे. काम म्हणजे संसाराचे सुख, आवडीनिवडी, हौसमौज. माणसाने पैसा मिळवू नये, हौस करू नये असे शास्त्रकारांनी म्हटलेले नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की धर्म पुढे असावा आणि अर्थ-काम त्याच्यामागून यावेत. आपल्या भाषेत सांगायचे तर अर्थ आणि काम हे गाडीचे दोन बैल. बैलांशिवाय गाडी हलत नाही. पण कासरा धर्माच्या हाती हवा. कासरा सुटला की बैल गाडी घेऊन कुठल्या नाल्यात घालतील याचा नेम नाही.

अजिंठ्याची लेणी आपल्या जळगाव जिल्ह्याला लागूनच आहेत. लेणी शेजारच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण पाहणारे कित्येक जण जळगाव स्टेशनवर उतरतात. त्या लेण्यांत ज्याची मूर्ती आहे त्या बुद्धाने भिक्षूंना जसा उपदेश केला, तसा संसारी गृहस्थांनाही केला आहे. तो वाचला की वाटते, हा एखाद्या पतपेढीच्या हुशार चिटणिसाने केला असावा! एका ठिकाणी संसारी माणसाला चार गोष्टी सांगितल्या आहेत. कष्ट करावेत, कमावलेले राखावे, संगत चांगली धरावी आणि जमा पाहून खर्च करावा. दुसऱ्या एका उपदेशात मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहे. एक वाटा खाण्यापिण्याला, दोन वाटे धंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. आज अडीच हजार वर्षांनी आपण हेच हिशेब मुलांना शिकवतो.

इकडे आपल्या मुलुखात हा विचार चालला होता, तसा तिकडे ग्रीस देशातही चालला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्स शहरी ॲरिस्टॉटल नावाचा मोठा विचारवंत होऊन गेला. त्याचे म्हणणे असे, की सुख म्हणजे घटकाभराचा आनंद नव्हे. माणसाने आपल्या अंगचे गुण वापरून सबंध आयुष्य नीट जगणे म्हणजे सुख. आणि हे गुण उपदेशाने येत नाहीत, सवयीने येतात. पोहण्याचे पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकत नाही, तसेच हे. शिवाय त्याने मधला मार्ग सांगितला. भित्रेपणा नको तसा आततायीपणाही नको. चिकटपणा नको तशी उधळपट्टीही नको.

त्याच्या मागोमाग एपिक्युरस आला. त्याने गरजांचे तीन ढीग केले. एक, ज्यांच्यावाचून चालत नाही त्या: भाकरी, पाणी, निवारा. दुसऱ्या, ज्या स्वाभाविक आहेत पण भागल्या नाहीत तरी बिघडत नाही, जसे की गोडधोड. आणि तिसऱ्या, ज्यांना अंतच नाही, म्हणजे मानमरातब, बडेजाव, दुसऱ्यापेक्षा वरचढ दिसणे. पहिल्या ढिगाला थोडे लागते. तिसऱ्याला कितीही दिले तरी तो रिकामाच. पुढे रोमच्या राज्यात स्टोइक मताचे लोक होते. त्यांत एपिक्टेटस हा जन्माने गुलाम आणि मार्कस ऑरेलियस हा साक्षात बादशहा. पण दोघांचा पाया एकच: आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, याची आधी वाटणी करा.

केळीवाल्या शेतकऱ्याला ही वाटणी कुणी शिकवायला नको. मे-जूनचे वादळ त्याच्या हाती नाही. सकाळी बोर्डावर लागणारा भाव त्याच्या हाती नाही. मात्र रोप कुठून आणायचे, मृगबाग लावायची की कांदेबाग, ठिबकची नळी वेळेवर धुवायची की नाही, रोगट झाड दिसताच उपटायचे की 'पाहू उद्या' म्हणायचे, पीकविम्याची मुदत पाळायची की नाही, हे त्याच्या हाती आहे. जो वादळाची काळजी करत बसतो आणि नळी धुवायची विसरतो, त्याने वाटणी उलटी केली.

पण एक मोठे भोक राहिले

इथवर सगळे गोड वाटते. पण शेतकऱ्याची सवय अशी, की पोते विकत घेताना वरचे दाणे पाहून तो थांबत नाही. बोंब घालून तळचा दाणाही काढून पाहतो. तसेच या विचाराचेही केले पाहिजे.

ॲरिस्टॉटल म्हणे, चांगल्या जगण्याला फुरसत हवी. खरेच आहे. पण अथेन्सच्या विचारवंतांना ती फुरसत मिळाली कुणाच्या जिवावर? तिथे शेतात, खाणीत आणि घरात गुलाम राबत होते. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या त्या माणसाने गुलामगिरीचे समर्थन करून ठेवले आणि स्त्रीला पुरुषाच्या खालची मानली. एपिक्युरसची बाग त्या मानाने बरी, तिथे बायांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. आपल्याकडेही वेगळे नव्हते. ज्ञानाच्या पोथ्या ज्यांना उघडायला बंदी, त्यांच्याच हातांनी पोथी वाचणाऱ्यांच्या घरचे धान्य पिकत होते. आणि बाईच्या वाट्याला तर मोक्षाचा विचार करण्याइतका वेळच कधी आला नाही. पहाटेचे जाते, दिवसाचे वावर, संध्याकाळची चूल!

हे भोक आपल्या मराठी संतांनी ओळखले. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत आणला. सावता माळी मळ्यात, गोरा कुंभार चिखल तुडवताना, जनाबाई जात्यावर, चोखामेळा वेशीबाहेर. यांनी काम करता करताच विचार केला आणि विचार करता करता काम केले. फुरसत मिळाल्यावर चांगले जगू, अशी त्यांनी वाट पाहिली नाही.

आपल्या अगदी जवळची गोष्ट घ्या. हतनूर धरणाच्या वरच्या अंगाला तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. तिथे चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे आणि जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताबाईचे स्थान. महाशिवरात्रीला दोन्हीकडे मोठी यात्रा भरते. आख्यायिका अशी, की चांगदेव योगी चौदाशे वर्षे जगले होते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, तर मायना काय लिहावा हेच ठरेना. वयाने पाहावे तर ती पोरे, ज्ञानाने पाहावे तर थोर. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून लहानग्या मुक्ताबाईने हसून टोला दिला, की चौदाशे वर्षे तप करून म्हातारा कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. पुढे त्याच चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केले.

गोष्टीतल्या चौदाशे वर्षांचा हिशेब करीत बसू नये. तिचे मर्म पाहावे. आयुष्य लांब असणे वेगळे आणि भरलेले असणे वेगळे. आज औषधपाण्याने आपले आयुष्य वाढले आहे. आजोबांनी पन्नाशीत काठी धरली, आपण सत्तरीत मोटारसायकल चालवतो. वाढलेल्या वर्षांत लिहायचे काय, हा प्रश्न मात्र चांगदेवांच्या कागदासारखाच आपल्यापुढे आहे. पाळी संपली, निरोप समारंभ झाला, हार गळ्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे ते सुचेना, अशी माणसे दीपनगरसारख्या कुठल्याही वसाहतीत भेटतात. दीपनगरचा १९६० च्या दशकातला पहिला लहान संच केव्हाच निकालात निघाला, त्यापुढे २०१२ च्या सुमाराला पाचशे मेगावॅटचे दोन संच आले. यंत्र जुने झाले की भंगारात जाते. माणूस जुना झाला म्हणजे तोही भंगार, असे नाही. पण हे त्याला आधीच ठाऊक हवे.

अमळनेरची परीक्षा

जुन्या तत्त्वज्ञानाची नव्या जगाशी गाठ कशी पडते, हे पाहायला काशीला जायला नको. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसावे आणि अमळनेरला उतरावे.

अमळनेर म्हणजे बोरी नदीच्या काठचे गाव. तिथे सखाराम महाराजांची वाडी, वारकऱ्यांची जुनी गादी. तिथेच श्रीमंत प्रतापशेठ यांची कापड गिरणी. आणि त्याच गावात १९१६ साली प्रतापशेठांनी मुंबईच्या शेठ वल्लभदासांच्या साथीने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापसाच्या मुलुखात, गिरणीच्या भोंग्याच्या हाकेवर, वेदान्ताचा अभ्यास करणारी संस्था! तिथे देशातले नामांकित पंडित येऊन राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना आजही माहीत असलेली नावे अमळनेरशी जोडलेली आहेत. इथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. पुढे पुणे विद्यापीठाने या कामात हात घातला आणि १९७३ पासून नव्या रूपात तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक चालवले. गिरणीच्या नफ्यातून माणूस मोटारी घेतो, बंगले बांधतो. या शेठजींनी त्यातून विचार करणाऱ्यांना घर दिले, शाळा-कॉलेजला हात दिला. अर्थ आणि धर्माची जोडी जुळली तर काय होते, त्याचा हा एक चांगला नमुना.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९२३ साली या तत्त्वज्ञान मंदिरात कोकणातला एक गरीब, लाजाळू तरुण शिकायला आला. पांडुरंग सदाशिव साने. तत्त्वज्ञान हाच त्याच्या एम. ए. चा विषय. तिथे जेवणखाण, पुस्तके, शांतता सगळे होते. पण त्याचे मन तिथे रमले नाही. १९२४ च्या जूनमध्ये तो जवळच्याच प्रताप हायस्कुलात मास्तर झाला, वसतिगृहातल्या मुलांत राहू लागला, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' हे नियतकालिक काढू लागला. मुले त्याला गुरुजी म्हणू लागली. १९३० साली नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले.

तत्त्वज्ञान मंदिरातून शाळेत आणि शाळेतून तुरुंगात! लौकिक अर्थाने पाहिले तर माणूस खालीखालीच गेला. पण चांगले जगणे कुठल्या दिशेला असते, हे त्याला नेमके ठाऊक होते.

१९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथेच विनोबाही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ऐकणारे कोण? कैदी. आणि लिहून घेणारे कोण? साने गुरुजी. आज देशभर अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' आपल्या धुळ्याच्या तुरुंगात जन्माला आली, ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक मुलाला सांगितली पाहिजे. तिथे ना मठ, ना फुरसत, ना मऊ बैठक. हातात दळण आणि पायाखाली फरशी. विनोबांनी तिथे गीता सांगितली ती रोजच्या कामाच्या भाषेत. हातचे काम मन लावून करणे हीच पूजा, हा तिचा गाभा. जुना विचार नव्या जगात टिकतो की नाही याची परीक्षा घ्यायची, तर याहून कडक जागा कोणती?

समाधान कुठे मानावे, कुठे मानू नये

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. समाधानाने हप्ता फिटत नाही, हे खरेच. आणि इथेच जुन्या विचाराचा सर्वांत जास्त गैरवापर होतो. कपाशीला भाव मिळाला नाही, समाधान माना. विम्याचे पैसे आले नाहीत, नशीब म्हणा. सून तिसऱ्या बाळंतपणात खंगली, तिचे भोग. असे सांगणारे बहुधा ज्यांचे काही बिघडलेले नाही असे असतात.

साने गुरुजींकडे पाहा. स्वतःच्या पोटापाण्याच्या बाबतीत एवढा समाधानी माणूस विरळा. दोन कपडे आणि भाकरी मिळाली की झाले. पण दुसऱ्याच्या अन्यायाच्या बाबतीत ते मुळीच समाधानी नव्हते. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून शेतकऱ्यांची व कामगारांची गाऱ्हाणी मांडली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले आणि दहा दिवसांनी दार उघडले. ॲरिस्टॉटलने ठेवलेले आणि आपल्या शास्त्रींनी ठेवलेले भोक असे बुजवायचे असते.

तेव्हा एक साधा नियम करू. समाधान मानायचे ते आपल्या हावेच्या बाबतीत. अन्यायाच्या बाबतीत समाधान मानणे हा सद्‌गुण नव्हे, ती हार आहे. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला म्हणून आपणही कर्ज काढून घ्यायचा, तिथे समाधान मानावे. लग्नात दोनाचे चार मांडव घालायचे, तिथे समाधान मानावे. पण मापात मारले, सातबारावर चुकीची नोंद पडली, मजुराला ठरलेली मजुरी मिळाली नाही, प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा मोबदला अडला, तिथे गप्प बसू नये. अर्ज द्यावा, चार जण मिळून जावे, पोच घेऊन यावे.

आणि एक नाजूक गोष्ट. कर्जाने, नापिकीने, आजाराने एखादे घर खचते. कर्ता माणूस बोलेनासा होतो, जेवत नाही, रात्री अंगणात एकटाच बसतो. अशा माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात ठेवावे, त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारची 'टेली-मानस' ही फोनवरची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, तिचा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. कर्जाची फेरमांडणी होते, पीक पुन्हा येते. माणूस पुन्हा येत नाही. स्टोइकांची वाटणी इथेही लागू आहे. त्याच्या मनातले ओझे आपल्या हाती नाही, पण त्याला एकटे न सोडणे आपल्या हाती आहे.

घरातल्या बाईची फुरसत

जुन्या विचारवंतांनी फुरसतीला मोल दिले, ते बरोबर होते. चूक एवढीच, की ती त्यांनी काही जणांपुरती ठेवली. आपल्याकडे आखाजीची रीत पाहा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचे जुने साल संपते, नवे ठरते, त्यालाही दोन दिवस विसावा. फुरसत सर्वांची आहे, हे आपल्या सणाला केव्हाच कळले होते. प्रश्न हा, की आखाजी वर्षातून एकदाच का?

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण घ्या. १८८० चा जन्म. शाळेचे तोंड पाहिले नाही. चूल, जाते, वावर यांतच आयुष्य गेले. पण काम करता करता मनाविषयी, संसाराविषयी, जन्ममरणाविषयी जे त्यांना सुचले ते त्या ओव्यांत गुंफीत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ते वेळोवेळी उतरून घेतले, म्हणून वाचले. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. मराठीतल्या पंडितांनी तोंडात बोट घातले. आता विचार करा, उतरून घेणारे कुणी नसते तर? आणि आपल्या स्वतःच्या घरात अशी किती गाणी, किती विचार धुरात विरून गेले असतील?

म्हणून आजच्या घरात चांगल्या जगण्याची सुरुवात बाईच्या फुरसतीपासून व्हावी. मिक्सर आला, नळ आला, गॅस आला. वाचलेला वेळ कुठे गेला? बहुतेक घरांत तो दुसऱ्या कामात गेला. सातबारावर तिचे नाव आहे का? नव्वदीच्या उंबरठ्यावर शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक देऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितले, आणि अनेकांनी तो केला. पुरुषार्थ हा शब्द पुरुषांपुरता नाही. अर्थही तिचा, फुरसतही तिची.

मग घेऊन जायचे काय?

जुना विचार जसाच्या तसा उचलून आजच्या घरात बसवता येत नाही. खळ्यावरचे धान्य उपणून घ्यावे लागते. भुसा वाऱ्यावर जाऊ द्यावा, दाणा ठेवावा. दाणे कोणते, ते थोडक्यात सांगतो.

एक, गरजांचे तीन ढीग. पुढची मोठी खरेदी करण्यापूर्वी नवरा-बायकोने बसून विचारावे, की ही वस्तू कोणत्या ढिगातली? तिसऱ्या ढिगातली असेल तर एक हंगाम थांबावे. हंगामानंतरही हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी.

दोन, मिळकतीचे चार वाटे. केळीचा किंवा कपाशीचा पैसा हाती आला की पहिल्याच आठवड्यात चौथा वाटा बाजूला. चौथा जमला नाही तर आठवा. पण काढायचा तो आधी, उरला तर नव्हे. उरत कधीच नाही.

तीन, हाती असलेले आणि नसलेले. रात्री मोबाइलवर बाजारभाव चाळीत जागणे हे हाती नसलेल्याची काळजी वाहणे आहे. भाव सकाळी एकदा पाहावा, विकायचे की थांबायचे ते ठरवावे आणि फोन ठेवून द्यावा.

चार, सवय. मुलांना चांगले वागण्याचे भाषण देऊ नये. सालदाराशी, हमालाशी, आजीशी आपण कसे बोलतो ते मुले पाहतात, तीच त्यांची पोथी.

पाच, संगत. बुद्धाने, एपिक्युरसने, संतांनी सर्वांनी मित्रांना मोल दिले. पाळीवरचा भाऊ आणि शेतावरचा भाऊ आठवड्यातून एक वेळ तरी एका ताटावर बसले, तर सुखी कोण हा वाद कदाचित आपोआप मिटेल. दोघांच्याही लक्षात येईल, की एकाला झोप पुरत नाही आणि दुसऱ्याला पैसा पुरत नाही. आणि दोघांनी हात लावला तर दोन्ही थोडे थोडे पुरवता येते. पगारातून बियाण्याची वेळ निभते, आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यातल्या सावलीत पाळीवाल्याला झोप लागते.

कुणी म्हणेल, यात नवे काय? काहीच नाही. अडीच हजार वर्षे माणसे हेच सांगत आली, कारण अडीच हजार वर्षे माणसे हेच विसरत आली. जगणे बदलले, हे खरे. नांगराचा ट्रॅक्टर झाला, मोटेची मोटार झाली, मोटारीचे ठिबक झाले. पण हाव, भीती, मत्सर, माया, हे मनाचे वावर जसे होते तसेच आहे. त्याची मशागत जुन्या माणसांनी चांगली जाणली होती. त्यांनी ती थोड्यांसाठी राखून ठेवली. आपण ती सर्वांसाठी खुली करायची, एवढाच फरक.

या आठवड्यात एका संध्याकाळी जेवण झाल्यावर सगळ्यांनी, आजीपासून नातवापर्यंत, एकत्र बसावे आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी: आपल्या घरात कोणती गोष्ट कमी झाली तर सुख वाढेल? आणि सर्वांत आधी घरातल्या बाईला बोलू द्यावे. काय निघाले ते चार ओळींत आम्हाला जरूर कळवा. चांगली पत्रे या पानावर छापू.